हाक एका दारी, धावणारे शेजारी

शेजारशेजारच्या नगरपालिकांनी आगीच्या बंबाचे बोलावणे एका ठिकाणी घ्यावे काय? गावकऱ्यांनीही विचार करावा असा प्रश्न

मार्च-एप्रिलचे दिवस असतात. ज्वारीची मळणी उरकलेली असते, कडब्याच्या गंज्या गोठ्याला लागून रचलेल्या असतात, उसाचे पाचट वाळून कागदासारखे झालेले असते. अशा वेळी वारा सुटतो, वरच्या तारा एकमेकींना घासतात आणि एक ठिणगी खाली पडते. पुढचे सांगायला नको. बाया-माणसे घागरी, बादल्या घेऊन धावतात, कोणी मोटार चालू करायला पळतो, आणि गर्दीतून एक आवाज येतो, "अरे, बंब बोलवा!"

बंब बोलवा म्हणणे सोपे. पण कोणाचा बंब? आपल्या तालुक्याच्या नगरपालिकेचा, शेजारच्या तालुक्याचा, औद्योगिक वसाहतीचा, की साखर कारखान्याचा? नंबर कोणापाशी आहे? सरपंचाच्या खिशात, ग्रामसेवकाच्या वहीत, की कोणाच्याच नाही? एका ठिकाणी फोन लागला, तर तिथून उत्तर येते की आमचा बंब बाहेर गेला आहे, तुम्ही पलीकडे विचारा. पलीकडचा म्हणतो, ते गाव आमच्या हद्दीत येत नाही. या विचारपुशीत गंजी जळून जाते, आणि वर्षाचा चारा राख होतो.

शेतकरी बंधू-भगिनींनो, हा दोष एखाद्या माणसाचा क्वचित असतो. दोष व्यवस्थेचा आहे. पंधरा-वीस किलोमीटरच्या टापूत दोन-तीन नगरपालिका असतात. प्रत्येकीचा बंब वेगळा, फोन वेगळा, वही वेगळी. म्हणून शेजारच्या नगरपालिकांनी निदान बोलावणे तरी एका ठिकाणी घ्यावे, तिथूनच सगळे बंब हलवावेत, असा विचार जगात अनेक ठिकाणी झाला आहे. काही ठिकाणी तो फळला, काही ठिकाणी अंगाशी आला. हा प्रश्न वरवर पाहता शहरांचा आहे. पण ज्यांच्या गावात बंब नाही, त्यांचे नशीब याच निर्णयावर टांगलेले असते. तेव्हा तो आपणही नीट समजून घ्यावा.

बंब शहराचा, आग गावाची

आधी कायद्याची बाजू पाहू. १९९२ सालच्या चौऱ्याहत्तराव्या घटनादुरुस्तीने शहरांच्या कारभारासाठी बारावी अनुसूची आली. तिच्यात १८ विषय आहेत आणि अग्निशमन सेवा हा त्यांतला एक आहे. त्याच वेळी त्र्याहत्तराव्या दुरुस्तीने पंचायतींसाठी अकरावी अनुसूची आली. तिच्यात शेती, लघुपाटबंधारे, पशुसंवर्धन असे २९ विषय आहेत. त्यांत अग्निशमनाचे नाव नाही.

याचा परिणाम डोळ्यांपुढे आहे. महाराष्ट्रात आगीचे बंब महानगरपालिकांचे, नगरपालिकांचे आणि औद्योगिक विकास महामंडळाचे. शेजारच्या गोव्यात अग्निशमन दल राज्य सरकारच्या एका संचालनालयाखाली चालते. आपल्याकडे मात्र ज्याचे गाव त्याचा बंब, आणि खेड्याचा बंब म्हणजे शेजारधर्म.

शेजारधर्माला नावे ठेवण्याचे कारण नाही. शहरातले जवान आपल्या गावाची आग विझवायला येतात, घामाघूम होऊन परत जातात. पण शेजारधर्म वेळेवर चालायचा, तर त्याला व्यवस्था लागते.

देशाच्या स्थायी अग्निशमन सल्लागार समितीने ग्रामीण भागासाठी २० मिनिटांत बंब पोचावा असे प्रमाण धरले आहे. आता पाटीवर हिशोब मांडा. आपल्या रस्त्यांवर भरलेला बंब ताशी ४० किलोमीटर चालला, तर २० मिनिटांत तो साधारण १३ किलोमीटर जातो. त्यातली ८ मिनिटे योग्य फोन शोधण्यात गेली, तर उरतात १२ मिनिटे आणि ८ किलोमीटर. म्हणजे फोनच्या घोळातच पाच किलोमीटर गेले. त्या पाच किलोमीटरच्या पट्ट्यात जेवढी गावे असतील, ती बंब असूनही बंबाविना झाली. नवा बंब घ्यायला मोठी रक्कम लागते. ही आठ मिनिटे वाचवायला त्यामानाने थोडी लागते. या प्रश्नाचे मर्म इथे आहे.

आज काय सोय आहे?

काही बोलावणी आपल्याकडे आधीच एकत्र झालेली आहेत. १०८ ची रुग्णवाहिका आता घरोघरी माहीत आहे. ही सेवा २००५ साली आंध्र प्रदेशात सुरू झाली आणि २०१४ साली महाराष्ट्रात आली. तेव्हा राज्यासाठी ९३७ गाड्या घेतल्या होत्या. त्यांपैकी २३३ अत्यवस्थ रुग्णासाठी लागणाऱ्या साधनांच्या, बाकी ७०४ प्राथमिक उपचारांच्या. फोन मात्र साऱ्या राज्याचा पुण्याला घेण्याची रीत ठेवली. गडचिरोलीचा असो की सिंधुदुर्गचा, आवाज पुण्यात ऐकला जातो आणि गाडी जवळच्या ठिकाणाहून सुटते.

दुसरा क्रमांक ११२. डिसेंबर २०१२ मध्ये दिल्लीत घडलेल्या घटनेनंतर, संकटातल्या बाईला चार नंबर आठवत बसावे लागू नये, ही मागणी देशभर जोरात पुढे आली. २०१८ साली हिमाचल प्रदेशात ११२ प्रथम सुरू झाला. महाराष्ट्रात तो २०२१ साली आला. त्याचे फोन नवी मुंबई आणि नागपूर इथल्या केंद्रांत घेतले जातात आणि तिथून निरोप जिल्ह्याकडे येतो. पोलीस, अग्निशमन आणि वैद्यकीय मदत या तिन्हींसाठी एकच क्रमांक असावा, हा त्यामागचा हेतू.

मग प्रश्न सुटला असे वाटेल. पण पाटाचे पाणी मुख्य कालव्यात आले म्हणजे शेतात आले असे होत नाही. वितरिका, चारी, शेतचारी अशा पायऱ्या उतराव्या लागतात. वरच्या केंद्राने ऐकले तरी शेवटी कोणत्या तरी नगरपालिकेतल्या कोणत्या तरी फोनवर निरोप यायचा असतो. तिथे फोन उचलायला माणूस नसेल, तर पाणी चारीच्या तोंडाशीच अडले. शेजारच्या नगरपालिकांचे एकत्र केंद्र हवे की नको, हा वाद या चारीचा आहे.

एका खुर्चीचा हिशोब

फोनजवळ एक माणूस चोवीस तास बसवायचा, तर किती माणसे लागतात? आठवड्याचे तास १६८. एक माणूस आठवड्याला ४८ तास काम करतो. म्हणजे एका खुर्चीला साडेतीन माणसे झाली. रजा, आजारपण, सणवार धरले, तर साडेचार ते पाच. तीन नगरपालिकांनी आपापली एकेक खुर्ची नीट चालवायची, तर तेरा ते पंधरा माणसे हवीत. लहान नगरपालिकेला हे झेपत नाही. मग बंबाचा चालक किंवा फायरमन हाच फोन उचलतो. बंब बाहेर गेला की फोन रिकाम्या खोलीत वाजत राहतो.

तिघांनी मिळून दोन खुर्च्यांचे एक केंद्र केले, तर नऊ-दहा माणसांत भागते. माणसे कमी लागूनही रात्री दोन वाजता दोन कान जागे राहतात. एक फोन चालू असताना दुसरा आला, तर तो उचलला जातो. एकजण बोलणाऱ्याला धीर देतो, तोवर दुसरा बंबाला निरोप देतो आणि महावितरणला वीज बंद करायला सांगतो. एका माणसाला ही तिन्ही कामे एका वेळी जमत नाहीत.

आणखी एक लाभ आहे. जो माणूस महिन्याला चार-दोनच फोन घेतो, त्याचा हात कधी बसत नाही. जो रोज घेतो, त्याला काय विचारायचे ते पाठ होते. फवारणी करताना चक्कर येऊन पडलेल्या माणसाच्या घरून फोन आला, तर औषधाचे नाव काय, बाटली जवळ आहे काय, हे लगेच विचारले पाहिजे. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी-शेतमजुरांचे प्राण गेले. अशा वेळी डॉक्टरला औषधाचे नाव आधी कळणे ही मोठी गोष्ट आहे. शिकलेला कान ते विचारतो.

पाच वाटा

आता नगरपालिकांपुढे कोणत्या वाटा आहेत ते पाहू.

पहिली वाट, आहे तसे चालू द्यावे. फोन उचलणारा गावचा असतो, गल्ली-बोळ ओळखतो. पण खुर्ची रिकामी राहते आणि हद्दीचा वाद मिटत नाही.

दुसरी वाट, मोठ्या नगरपालिकेने सर्वांचे फोन घ्यावेत आणि लहानांनी तिला वर्षाला ठराविक रक्कम द्यावी. हे लवकर जमते, नवी इमारत लागत नाही. मात्र पैसे देणारा गिऱ्हाईक होतो, भागीदार होत नाही. एकाच वेळी दोन ठिकाणी आग लागली, तर आधी कोणाकडे धावायचे हे मोठी नगरपालिका ठरवणार.

तिसरी वाट, सर्वांनी मिळून एक केंद्र काढावे. त्यावर सर्वांची समिती, खर्चाची वाटणी आधी लिहून ठेवलेली. सहकाराची सवय असलेल्या आपल्या मुलखाला ही रीत नवी नाही. अडचण एवढीच की, समिती भांडली की काम अडते.

चौथी वाट, जिल्ह्याच्या किंवा राज्याच्या ठिकाणी सगळे सोपवावे. यंत्रे चांगली मिळतात, माणसे भरपूर असतात. पण फोन घेणाऱ्याने आपला ओढा कधी पाहिलेला नसतो.

पाचवी वाट, खोल्या वेगळ्या ठेवाव्यात, पण यंत्रे एकमेकींना जोडावीत. एका ठिकाणी फोन उचलला गेला नाही, तर तो आपोआप दुसऱ्या ठिकाणी वाजतो. दोघांची नोंद एकाच वहीत होते. यात माणसांची बचत कमी, पण गावची ओळख टिकते.

परक्या मुलखातला अनुभव

यातली कोणती वाट चांगली हे सांगण्याआधी, ज्यांनी ती चालून पाहिली त्यांचे काय झाले ते पाहावे.

तातडीच्या मदतीसाठी एकच क्रमांक ही कल्पना लंडनची. तिथे १९३५ साली एका घराला आग लागून पाच बायका मेल्या. शेजाऱ्याने फोन केला होता, पण टेलिफोन कचेरीच्या रांगेत तो ताटकळत राहिला. त्यातून १९३७ साली लंडनमध्ये ९९९ हा क्रमांक निघाला. अमेरिकेत ९११ चा पहिला फोन १९६८ साली अलाबामा राज्यातल्या हेलीव्हिल या लहान गावी झाला.

अमेरिकेत पुढे गावोगावी अशी केंद्रे झाली आणि ती फार झाली. इलिनॉय राज्याने २०१५ साली कायदा करून ती कमी करायला लावली. ज्या परगण्यात अडीच लाखांहून कमी वस्ती आणि दोनांहून अधिक केंद्रे, तिथे ती निम्म्यावर आणायची, पण दोनांच्या खाली न्यायची सक्ती नव्हती. मोठ्या परगण्यात २५ हजारांहून कमी लोकांसाठी ९११ ची वेगळी व्यवस्था ठेवायची नाही. मुदत २०१७ ची दिली. कोणाशी जुळवून घ्यायचे हे बरेचसे शेजाऱ्यांनी आपसात ठरवायचे होते.

इंग्लंडने उलट केले. २००४ साली सरकारने ठरवले की अग्निशमनाच्या ४६ स्थानिक नियंत्रण खोल्या बंद करून ९ विभागीय केंद्रे उभारायची. स्थानिक दलांना मनापासून बरोबर घेतले नाही. संगणकाचे काम वेळेत झाले नाही. इमारती आधी उभ्या राहिल्या आणि रिकाम्या इमारतींचे भाडे भरत बसावे लागले. डिसेंबर २०१० मध्ये योजना गुंडाळली. त्यांच्या लेखापरीक्षकांनी २०११ साली हिशोब काढला, तो निदान ४६ कोटी ९० लाख पौंड वाया गेल्याचा. विहिरीला पाणी लागण्याआधी मोटारीसाठी पक्की खोली बांधावी, तसे हे झाले.

त्याच देशात नंतर हॅम्पशायर, डॉर्सेट, विल्टशायर, डेव्हन आणि सॉमरसेट या शेजारच्या मुलखांनी आपल्या खोल्या राखल्या आणि यंत्रे जोडली. एकीकडे फोनांचा पूर आला की दुसरीकडचे घेतात. वर सांगितलेली पाचवी वाट ती हीच.

स्कॉटलंडची गोष्ट मात्र काळीज हलवणारी आहे. तिथे २०१३ साली आठ पोलीस दलांचे एक दल झाले आणि काही जुन्या नियंत्रण खोल्या बंद करण्याचे काम हाती घेतले. जुलै २०१५ मध्ये स्टर्लिंगजवळ एक मोटार हमरस्त्यावरून खाली गेली. एका नागरिकाने फोन करून कळवले. फोन घेतला गेला, पण संगणकात नोंद झाली नाही. तीन दिवस कोणी गेले नाही. तिसऱ्या दिवशी गाडी सापडली, तेव्हा आतला पुरुष मेलेला होता आणि बाई जिवंत होती. तीही पुढे रुग्णालयात गेली. २०२१ साली न्यायालयाने पोलीस दलाला एक लाख पौंड दंड केला. हाक ऐकली होती, पण लिहिली नव्हती. एकत्र करणाऱ्यांनी ही गोष्ट विसरू नये.

बुद्रुक की खुर्द?

आता आपल्या मातीकडे येऊ. आपल्याकडे वडगाव किती आहेत? पिंपळगाव किती, नांदगाव किती? त्यात प्रत्येकाचे बुद्रुक आणि खुर्द. माळवाडी, धनगरवाडी, शिंदेवस्ती तर दर पाच कोसांवर. घाबरलेला माणूस फोनवर नुसते "वडगावला या" म्हणतो. गावातला माणूस आवाजावरून ओळखतो की हे कोणते वडगाव. दूरच्या केंद्रातला माणूस यादी उघडतो आणि पहिल्या नावावर बोट ठेवतो. बंब निघतो, पण भलत्या वडगावला.

मोबाईलवरून ठिकाण कळते हे खरे. पण जिथे टॉवर विरळ आहेत, तिथे ते ठिकाण अंदाजाचे असते, आणि त्या अंदाजाच्या वर्तुळात दोन वस्त्या आणि एक नदी सहज बसते. नदीच्या कोणत्या काठाला आग आहे हे कळले नाही, तर पुलापर्यंतचा वळसा पडतो.

यावर उपाय आहे, आणि तो ऊस लावणाऱ्याला नवा नाही. कारखान्याची तोडणीची यादी एका कचेरीत बनते. सगळ्या गावांचा ऊस एका क्रमाने लागतो. पण टोळीला फडात नेणारा चिटबॉय गावोगावचा असतो. त्याला कोणाचा बांध कुठे आणि बैलगाडीची वाट कुठून हे माहीत असते. यादी मध्यावर आणि ओळख गावात, असे दोन्ही जुळले म्हणून कारखाना चालतो. बोलावण्याचे केंद्रही असेच चालले पाहिजे. प्रत्येक गावचा पोलीस पाटील, कोतवाल आणि एक-दोन तरुण यांची नावे-नंबर केंद्रात हवेत. फोन आला की केंद्राने त्यांना लगेच कळवावे आणि त्यांनी फाट्यावर बॅटरी घेऊन उभे राहावे.

कधी हाक देणारेच उरत नाहीत. ३० जुलै २०१४ रोजी पुणे जिल्ह्यात माळीण गावावर डोंगर कोसळला. दीडशेहून अधिक माणसे गाडली गेली. गाव जागेवर नाही हे प्रथम ध्यानात आले ते नेहमीच्या फेरीवर आलेल्या एस. टी.च्या चालकाच्या. म्हणून केंद्राने फोनची वाट पाहत बसू नये. अतिवृष्टीच्या रात्री डोंगराखालच्या वाड्यांना स्वतः फोन करून ख्यालीखुशाली विचारावी. एकट्यादुकट्या फायरमनला हे जमणार नाही. दोन खुर्च्यांच्या केंद्राला जमेल.

मग करावे काय?

माझे मत थोडक्यात सांगतो. ऐकणारा कान एक करावा, धावणारे पाय जागच्या जागी राहू द्यावेत. लहान नगरपालिकांना तिसरी वाट, म्हणजे भागीदारीचे केंद्र, सर्वांत सोयीची. जिथे एकमत होत नाही, तिथे पाचवी वाट धरून यंत्रे जोडण्यापासून सुरुवात करावी. आज ना उद्या ती तिसऱ्या वाटेला मिळते. दुसरी वाट तात्पुरती म्हणून ठीक. चौथीवर एकट्या अवलंबून राहू नये. ११२ आणि १०८ आहेतच, त्यांनी निरोप देण्यासाठी खाली एक जागे केंद्र लागते.

मात्र होकार देण्यापूर्वी पुढील गोष्टी लेखी मागाव्यात.

१. बंब आज जिथे उभा आहे, तिथून हलता कामा नये. फोन एकत्र करण्याच्या निमित्ताने गाडी मोठ्या शहरात गेली, तर आपण होते तेही गमावले.

२. हद्द कोणाचीही असो, जवळचा मोकळा बंब सुटला पाहिजे. खर्च कोणी कोणाला द्यायचा हे मागून पाहावे. आग लागलेल्या घराशी पैशाची भाषा होऊ नये.

३. खर्चाची वाटणी लोकसंख्येवर करायची की आलेल्या फोनांवर, हे आधी ठरावे. नुसती फोनांवर केली, तर पैसे वाचवायला कोणीतरी लोकांना फोन करू नका म्हणेल. थोडी लोकसंख्येवर, थोडी फोनांवर अशी सांगड बरी.

४. समितीत आसपासच्या ग्रामपंचायतींचे प्रतिनिधी असावेत. ज्याचे घर जळते, त्याला बोलायला जागा हवी.

५. प्रत्येक फोनची वेळ, बंब सुटल्याची वेळ आणि पोचल्याची वेळ लिहावी, आणि ती वही दर महिन्याला उघडपणे वाचली जावी.

६. केंद्राला दुसरी फोनलाईन आणि वीज गेल्यावर चालणारी सोय हवी. ऐन वादळात, गरज पडते तेव्हाच, वीज गेलेली असते.

७. जुने नंबर एकदम बंद करू नयेत. निदान एक उन्हाळा आणि एक पावसाळा जुना नंबर लावला तरी फोन नव्या केंद्रात वाजावा.

हे सात मुद्दे ग्रामसभेत वाचून दाखवावेत आणि ठराव करून नगरपालिकेकडे पाठवावेत. आपल्याला तिथे मत नाही म्हणून गप्प बसू नये. पाण्याच्या पाळीसाठी आपण कालव्याच्या कचेरीत जातोच ना?

घरातल्यांनी एवढे करून ठेवावे

केंद्र होईल तेव्हा होईल. घरधनीण, म्हातारी माणसे आणि शाळेत जाणारी पोरे यांनी आजच करण्याजोगे काही आहे.

एका पुठ्ठ्यावर ठळक अक्षरांत लिहून तो दाराच्या आतल्या बाजूस टांगावा: ११२ कोणत्याही संकटासाठी, १०८ रुग्णवाहिकेसाठी, १९६२ जनावरांच्या डॉक्टरसाठी, १९१२ विजेच्या तक्रारीसाठी. खाली जवळच्या बंबाचा नंबर. त्याखाली आपला पत्ता: गाव बुद्रुक की खुर्द, तालुका, वस्तीचे नाव, गट नंबर, जवळच्या डीपीचा नंबर आणि हमरस्त्यावरून वळायची खूण. खूण अशी लिहावी की परक्यालाही कळेल. "पाटलाच्या विहिरीपासून" हे आपल्याला कळते, बंबाच्या चालकाला नाही. "मारुतीच्या देवळापासून डावीकडे, दुसऱ्या पुलानंतर" हे त्याला कळते.

पोरांना एकदा तो पुठ्ठा मोठ्याने वाचायला लावावा. फोनवर आधी ठिकाण सांगावे, मग काय झाले ते. समोरचा ठेव म्हणेपर्यंत फोन ठेवू नये. तार तुटून पडली असेल, तर तिच्या जवळ जाऊ नये आणि पाणी मारू नये. साप चावला असेल, तर माणसाला चालवू नये, जखम कापू नये, चावल्याची वेळ ध्यानात ठेवावी. फवारणीच्या औषधाची बाटली दवाखान्यात बरोबर न्यावी.

आणि एक शेवटचे. गंजी गोठ्यापासून आणि विजेच्या तारांपासून लांब रचावी, दोन गंज्यांत मोकळी जागा ठेवावी. सर्वांत चांगला बंब तो, जो बोलवावाच लागत नाही. पण बोलवायची वेळ आलीच, तर पलीकडे कोणीतरी जागे असावे आणि त्याला आपले वडगाव नेमके कोणते हे ठाऊक असावे. एवढे मागायचा हक्क खेड्यातल्या प्रत्येक घराला आहे. येत्या ग्रामसभेत तो मागावा.